रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

आम्ही उमरीहून बोलतोय, बचत गटाच्या समन्वयक. आज जरा लाजेचा विषय काढणार आहोत. पोटाचा. पोट साफ न होणं, मुरडा येणं, पोट फुगून ढोल होणं, आणि संडासला पुन्हा पुन्हा पळावं लागणं. कुणी जेवताना ऐकत असेल तर आधी ताट संपवा, आम्ही थांबतो.

हा विषय सुचला तो कर्जाचं रजिस्टर चाळताना. मार्चअखेरीला हिशेब लावत बसलो होतो. कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो ना, त्यात बियाणं, शेळी, शाळेची फी, लग्न असं काय काय असतं. एका गटात एकाच ताईंच्या नावापुढे वर्षात चार वेळा 'दवाखाना' लिहिलेलं. बाळंतपण नाही, ऑपरेशन नाही. बैठकीत विचारलं तर ताई गप्प. सगळ्या उठून गेल्यावर मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोटाचं हाय माय. कुणाला सांगू नगा."

सहा वर्षांचं दुखणं. सकाळी उठलं की तीन-चार वेळा जावं लागतं, तरी पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. कधी आव पडते. मग मधेच चार दिवस काहीच नाही. लग्नाला जायचं, एसटीत बसायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून मुरडा सुरू. दोनदा सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, संडास तपासली, एकदा दुर्बीणही घातली. सगळं नॉर्मल. "डॉक्टर म्हणतात काही नाही. मग दुखतं ते काय खोटं?" घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. शेवटी आठवडी बाजारात एका भुकटीवाल्याने 'संग्रहणी मुळासकट बरी, गॅरंटी' म्हणून तीन महिन्यांचा कोर्स दिला. आठ हजार रुपये. ते आठ हजार म्हणजे गटाचं कर्ज, शेकडा दोन रुपये व्याजाचं. पहिले पंधरा दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच.

ताईंचं दुखणं खोटं नव्हतं. त्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. चिडकं आतडं म्हणा. आतड्याला जखम नसते, गाठ नसते, सूज नसते, म्हणून तपासणीत काही दिसत नाही. बिघाड असतो तो आतड्याच्या चालीत आणि त्याच्या जाणिवेत. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं जाळं आहे आणि त्याचं मेंदूशी सारखं बोलणं चालू असतं. या आजारात ते बोलणं चढ्या आवाजात होतं. इतरांना ज्या गॅसची जाणीवही होत नाही, तेवढ्याच गॅसने या बाईला कळ येते. घराच्या भिंती धड, वायर धड, पण करंट कधी कमी तर कधी जास्त, असं समजा. सोनोग्राफीत भिंती दिसतात, करंट दिसत नाही.

ओळखायचं कसं? जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेले निकष आहेत, २०१६ साली ते नव्याने मांडले. तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस तरी पोट दुखतं, दुखण्याचा संडासशी संबंध आहे, आणि संडासची वेळ किंवा घट्ट-पातळपणा बदलला आहे, असं असेल आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर डॉक्टर आयबीएस धरतात. कुणाला जुलाबाचा प्रकार, कुणाला बद्धकोष्ठाचा, कुणाला दोन्ही आलटून-पालटून. पावसाळ्यात घाण पाण्याने जुलाब होतात ना, त्यातून उठलेल्या साधारण दहा जणांत एकाला पुढे हा त्रास चिकटतो. पाळीच्या दिवसांत तो वाढतो, हे तर तुमच्यापैकी कित्येकींनी अनुभवलं असेल.

एक गोष्ट आम्हाला फार बोचली. आपल्या देशातल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. समाजात साधारण शंभरात चार माणसांना ही लक्षणं होती, बायका आणि पुरुष जवळजवळ सारखेच. पण दवाखान्यात आलेल्या रुग्णांत पुरुष जास्त, तीनात दोन. दुखणं सारखं आणि दवाखान्याची वाट मात्र पुरुषांची. बाई कुठे जाते? ती अंगावर काढते, नाहीतर बाजारातल्या भुकटीकडे जाते.

नाहीतर तिची पिशवी काढली जाते. हे आम्ही उगाच म्हणत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारने २०१९ साली पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागे मजुरी बुडण्याचा धाक होता, पाळीचा त्रास होता, कॅन्सरची भीती घातलेली होती. पण पोट दुखतंय म्हटलं की पिशवीकडे बोट दाखवायची सवय आपल्या मराठवाड्यात किती आहे, हे त्यातून दिसतं. परदेशातल्या अभ्यासांतही हेच आढळलं आहे, की आयबीएस असलेल्या बायकांची पिशवी किंवा पित्ताशय इतर बायकांपेक्षा जास्त वेळा काढलं जातं. कुणी पिशवी काढायला सांगितलं तर एवढं तरी विचारा, की दुखणं संडासला जाऊन आल्यावर कमी-जास्त होतं, मग ते आतड्याचं नाही ना?

आता एक आमच्याच चुकीची गोष्ट. सांगायला जड जातं, पण सांगणं भाग आहे.

दुसऱ्या एका गटात अठ्ठावन्न वर्षांच्या आजी आहेत. दीड वर्षापूर्वी बैठकीत म्हणाल्या, पोट साफ होत नाही, फुगल्यासारखं राहतं. आम्ही लगेच सांगून मोकळ्या झालो, "आजी, इसबगोल घ्या, सगळ्यांना होतं हे." आजींनी घेतलं. संडासवाटे रक्त पडत होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मूळव्याध असेल म्हणून. आम्ही विचारलंही नाही. पोलकी सैल झाली होती, तीही कुणी पाहिली नाही. चार महिन्यांनी आशाताईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक. नांदेडला नेलं, आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आजी आहेत, बैठकीला येतात. पण डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी यायला हवं होतं. ते चार महिने आमच्या सल्ल्यात गेले.

म्हणून कुठलाही घरगुती उपाय सांगायच्या आधी आता आम्ही विचारतो. संडासवाटे रक्त, किंवा डांबरासारखी काळी संडास होते का? न ठरवता वजन उतरलंय का? ताप राहतो का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? आयबीएस बहुतेक वेळा माणूस झोपला की झोपतो. अंगात रक्त कमी आहे का? पोटात हाताला गाठ लागते का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय का? आणि त्रास पहिल्यांदाच पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर सुरू झालाय का? यातलं एक जरी 'हो' असेल तर इसबगोल नाही, बेल नाही, काढा नाही, सरळ डॉक्टर. आपल्याकडे आतड्याचा टीबी असतो, तो ताप आणि वजन उतरण्यातून ओळखू येतो आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. पन्नाशीनंतर नव्यानेच पोट फुगायला लागलं तर बीजकोश तपासायला सांगा. रक्त कमी असण्याबद्दल आपण बायका फार निवांत असतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सगळ्यांचंच कमी आहे म्हणून तुमचं कमी असणं साधं ठरत नाही. हिमोग्लोबिन उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट तपासतात.

हे सगळं 'नाही' असेल, डॉक्टरांनी पाहिलेलं असेल, तर मग पुढचं ऐका. पूरक उपाय म्हणजे डॉक्टरांच्या गोळीच्या जोडीला करायचे. पर्यायी म्हणजे गोळी सोडून त्याऐवजी करायचे. आम्ही जे सांगतोय ते जोडीला करायचं आहे.

पहिला मान इसबगोलाचा. गुजरातेत उंझा-सिद्धपूर भागात पिकतं, एका छोट्या बियाची भुसी असते. पाण्यात फुगते आणि बुळबुळीत होते. गंमत अशी, की घट्ट संडासला मऊ करते आणि पातळ संडासला बांधते, दोन्हीकडे उपयोग. नेदरलँडमध्ये २७५ रुग्णांवर अभ्यास झाला, २००९ साली प्रसिद्ध झाला. काहींना इसबगोल दिलं, काहींना गव्हाचा कोंडा, काहींना नुसतं तांदळाचं पीठ. इसबगोलवाल्यांना फरक पडला. कोंडावाल्यांपैकी बरेच जण त्रास वाढला म्हणून मधेच सोडून गेले. तेव्हा 'पोट साफ होत नाही, कोंडा खा' हा सल्ला या आजारात उलटा पडू शकतो. इसबगोल एक छोटा चमचा घेऊन सुरू करा, आठवड्याने वाढवा. भरलेल्या ग्लासात ढवळा आणि लगेच प्या, वरून आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकतं. दुसरं औषध चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. सुरुवातीला गॅस थोडा वाढतो, घाबरू नका.

इसबगोल आणि बाजारात मिळणारं 'पोट साफ चूर्ण' एक नव्हे, बरं का. त्या चूर्णांत बहुतेक वेळा सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून ढकलते. एखाद्या रात्री ठीक, पण रोजची सवय लागली तर मुरडा वाढतो.

मग आयुर्वेद. आपल्या आज्या ज्याला संग्रहणी म्हणत, त्याला ग्रंथांत ग्रहणी म्हटलंय. चरकसंहितेत त्यावर अख्खा अध्याय आहे आणि त्यात ताकाचं मोठं कौतुक आहे. आजीचं ताक-जिरं तिथवर जातं. दुधातली साखर पचत नाही अशा पुष्कळ जणी असतात. विरजताना ती साखर कमी होते, म्हणून दुधाने फुगणारं पोट ताकाने फुगत नाही. पातळ, ताजं, जिरं आणि मीठ घातलेलं ताक दुपारी घेऊन पाहा. आंबट ढोण नको.

बेलाचं सांगतो. बेलफळाच्या कच्च्या गराची सुकवलेली भुकटी जुलाबावर देतात. पिकलेला बेल मात्र पोट सैल करतो, म्हणून कच्चा की पिकला हे न बघता खाल्लं तर उलटंच व्हायचं. या बेलाची नीट परीक्षा झालेली आहे. वाराणसीला १६९ रुग्णांवर अभ्यास झाला, १९८९ साली प्रसिद्ध झाला. काहींना बेल आणि ब्राह्मीचं औषध, काहींना त्या काळच्या इंग्रजी गोळ्या आणि इसबगोल, काहींना औषधाचा नुसता भास असलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. जुलाबाचा त्रास जास्त होता त्यांना बेल-ब्राह्मीचा चांगला उपयोग झाला, दुखणं जास्त होतं त्यांना इंग्रजी गोळ्यांचा. पण सहा महिन्यांच्या पुढे पाहिलं तर दोन्ही औषधं त्रास परत येणं थांबवू शकली नाहीत. तिथे ती भासाच्या गोळीइतकीच निघाली. अभ्यास करणाऱ्यांनी हे लपवलं नाही, तसंच्या तसं छापलं. भुकटीवाल्याची 'मुळासकट' ही भाषा आणि ही भाषा शेजारी ठेवून बघा.

कुडाच्या सालीचं औषधही वैद्य जुलाबावर देतात. पण बद्धकोष्ठ असलेल्या बाईने ते शेजारणीचं पाहून घेतलं तर हाल होतील. आयुर्वेदिक घ्यायचं असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, उमरीहून रेल्वेने मुदखेडमार्गे जाता येतं. ओवा, जिरं, बडीशेप, सुंठ यांचे मोठे अभ्यास नाहीत, पण स्वयंपाकाच्या मापात घ्यायला हरकत नाही. बरं वाटलं तर घ्या.

पुदिन्याच्या तेलाचा उपयोग मोठ्या अभ्यासांत दिसलाय, मुरडा कमी होतो. पण ते तेल अशा कॅप्सूलमध्ये असतं की ती जठरात न फुटता आतड्यात फुटते. पुदिन्याची चटणी म्हणजे ते नव्हे. छातीत जळजळ होणारीने डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. चांगल्या जिवाणूंच्या महाग पुड्या मिळतात, प्रोबायोटिक म्हणतात त्यांना. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांनी २०२१ साली सांगितलं, या आजारासाठी त्या देऊ नका. सुयांचा उपचार, म्हणजे ॲक्युपंक्चर, त्याला इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने २००८ सालीच नको म्हटलं.

खाण्यापिण्याबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण तो उपाय आपल्या हातात आहे आणि बिघडवायलाही सोपा आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने एक आहारपद्धत काढली. काही पदार्थांत अशा साखरा असतात ज्या लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत. त्या खाली मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, पाणी ओढतात आणि गॅस करतात. चिडक्या आतड्याला तेवढंच निमित्त पुरतं. आपल्या चुलीवर पाहिलं तर या साखरा कांद्यात, लसणात, गव्हात, हरभऱ्यात, तुरीत, दुधात आणि आंब्यात आहेत. आता कांदा-लसूण नाही आणि पिठलं नाही, तर मराठवाड्यातल्या बाईने खायचं काय? खुशखबर अशी, की ज्वारी त्रास न देणाऱ्यांत आहे. तांदूळही. रेशनच्या गव्हामुळे घराघरांत पोळ्या वाढल्या आणि भाकरी मागे पडली. चार आठवडे पोळी बंद करून भाकरीवर राहून पाहा, एवढ्यानेच काहींना फरक कळतो. डाळ भिजवून वरचं पाणी फेकून द्या, त्या साखरा पाण्यात उतरतात. तुरीऐवजी मुगाचं पातळ वरण थोडं घ्या. लसणाच्या साखरा तेलात उतरत नाहीत, म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकल्या तर वास राहतो आणि त्रास जातो. कांद्याऐवजी पातीचा नुसता हिरवा भाग चालतो. ठेचा आणि उपाशीपोटी कडक चहा यांच्याबद्दल आम्ही काही बोलत नाही, तुम्हाला कळतंच.

पण ही पद्धत चार ते सहा आठवड्यांचीच आहे. त्यानंतर एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा, बाधला तोच कमी ठेवायचा. लोक बंद करतात आणि परत सुरूच करत नाहीत. आपण बायका तशाही शेवटी उरलेलं खातो. त्यात डाळ बंद, दूध बंद, पोळी बंद केली तर अंगात उरेल काय? गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, वजन कमी असेल, रक्त कमी असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता ताईंना पहिले पंधरा दिवस का बरं वाटलं, त्याकडे येतो. याचं उत्तर आम्हाला एका अमेरिकन अभ्यासात मिळालं. २००८ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन भाग केले. एका भागाला नुसतं थांबायला सांगितलं. दुसऱ्याला खोटा सुयांचा उपचार केला, सुई टोचल्यासारखी वाटे पण टोचत नसे, आणि उपचार करणारा फारसं बोलत नसे. तिसऱ्यालाही तोच खोटा उपचार, पण आधी पाऊण तास जवळ बसून त्यांचं सगळं ऐकून घेतलं, त्रास समजून घेतला, धीर दिला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं सांगणारे पहिल्या भागात शंभरात २८, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. सुई तर कुणालाच टोचली नव्हती!

२०१० साली त्याच मंडळींनी आणखी पुढचं केलं. ८० रुग्णांपैकी अर्ध्यांना गोळ्या दिल्या आणि तोंडावर सांगितलं, यात औषध नाही. तरी ५९ टक्क्यांना आराम पडला, गोळी न घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांना.

आम्हाला वाटतं, भुकटीवाल्याची सगळी कमाई या आकड्यांत आहे. त्याने ताईंना पाटावर बसवलं, नाडी पाहिली, अर्धा तास ऐकलं, 'होईल बरं माय' म्हणाला. घरात आणि दवाखान्यात सहा वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. शिवाय हा आजार आपसूक वर-खाली होतो, आणि माणूस औषध शोधायला निघतो तेव्हा त्रास शिगेला पोचलेला असतो. त्यानंतर तो थोडा उतरणारच, भुकटी घ्या किंवा न घ्या. ताईंचा आराम खरा होता. फक्त आठ हजार रुपये कशाचे घेतले, हा प्रश्न आहे. ऐकून घ्यायचं काम गटात फुकट होऊ शकतं.

मन आणि आतडं यांचं नातं असल्यामुळे मनाच्या बाजूने केलेल्या उपायांचाही उपयोग होतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ सालीच ३० अवघड रुग्णांवर संमोहनाचा प्रयोग करून चांगला गुण दाखवला. उमरीत संमोहन करणारं कोण मिळणार! पण योग आहे. दिल्लीच्या एम्समध्ये जुलाबाचा प्रकार असलेल्या २२ जणांवर अभ्यास झाला, २००४ साली छापून आला. दोन महिने काहींना आसनं-प्राणायाम आणि काहींना जुलाबाची नेहमीची गोळी. दोघांनाही फायदा झाला. अर्थात त्या बावीस जणांत बाई एकही नव्हती. जर्मनीत ५९ जणांवर योग आणि मोनाशची आहारपद्धत यांची तुलना झाली, बारा आठवड्यांनी दोन्ही सारखेच उपयोगी पडले. योग करायला डाळ सोडावी लागत नाही. सकाळी संडासला जाऊन आल्यावर दहा मिनिटं पवनमुक्तासन, भुजंगासन, शवासन आणि संथ श्वास. 'आम्ही दिवसभर वाकतोच शेतात' असं म्हणाल, पण शेतातलं वाकणं घाईचं असतं. ऑपरेशन झालेलीने आणि गरोदर बाईने विचारून करावं. आयुष्मान आरोग्य मंदिरात योगाचे वर्ग घेतात, आपल्या गावात होतात का ते विचारा.

आणि जोर आला की दाबून ठेवायचं नाही. अंधार पडायची वाट बघण्यात बायकांची आतडी बिघडली, हे आमचं मत आहे.

कशापासून लांब राहायचं, तेही सांगून टाकतो. पोट दुखतं म्हणून बिब्ब्याचे चरके देतात, त्याने फक्त कातडी भाजते. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून ओढतात, त्यात आत काही वेगळं असेल तर वेळ जातो. नाव-गाव नसलेली भुकटी घेऊ नका. अशा भुकट्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणं देशात कितीदा उघडकीला आली आहेत. तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. २००४ साली अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा सोमल निघालं. शिशाने पोटदुखी आणि बद्धकोष्ठ होतं, म्हणजे ज्यासाठी औषध घेतलं तेच वाढतं. डबीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची नावं आणि मुदत छापलेली असते. नसेल तर घ्यायची नाही. मंत्र-ताईताने आजार बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'गॅरंटी' हा शब्द ऐकला की पदर सावरायचा आणि उठायचं.

आमच्या गटात आता आम्ही काय करतो? दशसूत्रीतलं आरोग्याचं सूत्र आम्ही नुसतं वाचत होतो, ते आता वापरतो. महिन्यातल्या एका बैठकीत कर्जाचं काम झालं की पंधरा मिनिटं तब्येतीची. कुणी लाजत असेल तर ती उठल्यावर मागे थांबते. आधी वर सांगितलेले प्रश्न. मग एका वेळी एकच उपाय, चार आठवडे, आणि एक वही. रोज रात्री वहीत एक खूण, बरा दिवस असेल तर टिंब, त्रासाचा असेल तर फुली. लिहिता न येणारीलाही जमतं. पाळीच्या दिवसांना गोल करायचा. इसबगोल, भाकरी, योग एकदम सुरू केलं तर कशाने गुण आला ते कळत नाही. चार आठवड्यांनी फुल्या मोजायच्या. कमी झाल्या नसतील तर तो उपाय सोडायचा, जीव लावायचा नाही. औषधासाठी दोन हजारांच्या वर कर्ज मागितलं तर चिठ्ठी बघायची, असंही ठरवलंय. यावर भांडण झालं. एक आक्का म्हणाल्या, आमचा पैसा, तुम्ही कोण विचारणार? बरोबर आहे त्यांचं. म्हणून चिठ्ठी नसली तर कर्ज अडवत नाही, फक्त दोघी जणी बाईबरोबर दवाखान्यात जातात. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी फोनवरच बोलता येतं, विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात जायचं की नाही हे तिथेच कळतं आणि भाड्याचा खर्च वाचतो.

ताईंनी पहिले चार आठवडे इसबगोल घेतलं, आता भाकरी चालू आहे. मुरड्याची गोळी डॉक्टरांनी दिलेली आहे, ती गरज पडली तरच घेतात. एसटीत बसायची भीती गेलेली नाही, पण मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला जाऊन आल्या. पहिल्या महिन्यात वहीत अठ्ठावीस दिवसांत सतरा फुल्या होत्या. या महिन्यात अकरा. भुकटीच्या कर्जाचे तीन हप्ते अजून बाकी आहेत.